रजिस्टरमधले दोन रकाने

नागपूरच्या माणसांनी समुद्रावर चालणारं यंत्र कसं बनवलं, असं मला लोक अजून विचारतात. मी हौसेने सांगतो. बुटीबोरीचा आमचा लहानसा कारखाना, एरवी पाण्याच्या टाक्या आणि शेडचे सांगाडे बनवणारा. तिथून एवढा मोठा पोलादी तराफा ट्रेलरवर घालून निघालो, तेव्हा टोलनाक्यावरच्या पोराने विचारलं, "हे काय होय?" ड्रायव्हर म्हणाला, "नाव आहे." तो म्हणाला, "नागपुरात कोण बुडून राहिलं मग?" लोक हसतात. मी तिथेच थांबतो. त्याच्या आधी तलावावर काय झालं आणि नंतर खाडीत काय झालं, ते टाळत आलो. घरातही कोणाला सांगितलेलं नाही. आता पंचाहत्तरी झाली. लिहून ठेवतो.

यंत्र समजायला सोपं होतं. तराफा पाण्यावर तरंगायचा, त्याच्या पोटाखाली पंख्यासारखी पाती. भरतीचं पाणी आत येताना पाती फिरणार, ओहोटीचं बाहेर जाताना पुन्हा फिरणार, वीज तयार होणार. तराफा वाहून जाऊ नये म्हणून पुढच्या टोकाला एक साखळी आणि मागच्या टोकाला एक. साखळी जिथे अडकवायची त्या जाड पट्टीला आम्ही कान म्हणायचो. पुढचा कान, मागचा कान. तराफ्याला शॉपमध्ये, म्हणजे कारखान्याच्या कामाच्या शेडमध्ये, सगळे डोंगाच म्हणत, आमच्याकडे नावेला म्हणतात तसं.

गुजरातच्या किनाऱ्यावर एका खाडीच्या तोंडाशी मच्छीमारांसाठी बर्फ बनवणारा कारखाना होता. त्याच्या मालकाने कबूल केलं होतं की डोंगा तीन महिने नीट चालला तर तो वीज विकत घेईल आणि आणखी चार डोंगे लावेल. तोवर आमचं यंत्र प्रदर्शनात दाखवायची वस्तू होती. ते खरोखर विकलं जाणार की नाही, हे त्या तीन महिन्यांवर होतं. मी तपासणीचा प्रमुख होतो. माझ्या सहीशिवाय डोंगा फाटकाबाहेर जाणार नव्हता.

दोन्ही कान जोडले होते एका वेल्डर बाईने. नरखेड तालुक्यातल्या एका खेड्यातली, आयटीआय केलेली, तिशीच्या आतबाहेर. बापाची मोसंबीची बाग होती, पण हिला लहानपणापासून पंप खोलून बसायची सवय. शॉपमध्ये ती एकटीच बाई. तिच्या हातचा जोड बघायला बाकीचे वेल्डर चहा सोडून यायचे, आणि बघून झालं की तिलाच चिडवायचे, "रांगोळी घालून राहिली का वं?" ती म्हणायची, "तुमच्याच्यानं सरळ रेघ तरी होते का?" आमच्याकडे प्रत्येक वेल्डरला एक नंबर असतो. जोड झाला की शेजारी तो नंबर ठोकून उमटवायचा, म्हणजे काम कोणाचं ते पुढे कळतं. तिचा नंबर सात. चार डोंग्यांची ऑर्डर आली की तिला सुपरवायझर करायचं ठरलं होतं. त्या जागेवर आमच्याकडे कधी बाई बसली नव्हती.

नागपुरात वाहतं पाणी कुठून आणायचं? म्हणून आम्ही उलटं केलं. पाणी स्थिर, डोंगा हलता. एका धरणाच्या तलावावर मोटरबोट भाड्याने घेतली आणि डोंगा तिच्यामागे बांधून भिंतीपासून पलीकडच्या काठापर्यंत ओढत नेला. तिथे बोट वळायची, डोंगाही तिच्यामागे वळायचा, आणि परत भिंतीकडे. मे महिना होता, म्हणून पहाटे सुरू करून दहाच्या आत आटपायचो. रजिस्टरमध्ये मी दोन रकाने आखले होते. जाताना. येताना. प्रत्येक फेरीचा ताण मी स्वतः लिहायचो.

शेवटच्या दिवशी ती काठावर उभी राहून बराच वेळ बघत होती. मग माझ्याजवळ आली.

"काका, एक विचारू का? मांगच्या कानाले आपण कवा ओढलं?"

मी म्हणालो, "अवं, जाताना ओढला, येताना ओढला. आता आणखी किती ओढाचा?"

"पण दोन्ही डाव तोंडाकूनच ओढला ना."

बोटवाला दोरी गुंडाळत होता. तो म्हणाला, "बाई बरोबर बोलून राहिली, साहेब. गाय बाजारात न्या का घरी आणा, दावं तिच्या गळ्यातच राह्यते."

सगळे हसले. मीही हसलो आणि म्हणालो, "आता गायीले मांगून ओढतो का मग?" पुन्हा हसू झालं. ती हसली नाही. "पाहा बा," एवढंच म्हणाली.

मला तेव्हा कळलं होतं का? थोडं कळलं होतं. आम्हा जमिनीवरच्या माणसांना दिशा कळते ती काठावरून, गावावरून. इकडून तिकडे गेलो, तिकडून इकडे आलो, झाल्या दोन दिशा. डोंग्याच्या बाजूने मी विचारच केला नव्हता. खाडीत तो वळणार नव्हता. दोन्ही टोकांनी बांधलेला राहणार होता, आणि दर ओहोटीला सगळा भार मागच्या कानावर येणार होता. डबा खाताना हे डोक्यात आलं. पण तलावाची परवानगी त्या दिवशी संपत होती, पाणी उतरत चाललं होतं, आणि मागून ओढायचा तर डोंगा पहिल्यापासून बांधावा लागला असता. मी रजिस्टरमध्ये लिहिलं, "दोन्ही दिशांनी ताण तपासला." खाली सही केली.

खाडीत डोंगा पहिले काही आठवडे छान चालला. बर्फ कारखान्याच्या मालकाने फोनवर आम्हाला यंत्राचा आवाज ऐकवला. नंतर मोठ्या उधाणाच्या दिवसांत, ओहोटी लागलेली असताना मागचा कान तुटला, डोंगा आडवा फिरला आणि चिखलात जाऊन रुतला. कोणाला लागलं नाही.

पाहायला मला पाठवलं. गुडघाभर चिखलातून मी डोंग्याच्या मागच्या टोकाशी गेलो. सात नंबर स्पष्ट दिसत होता. तिचा जोड जसाच्या तसा होता. फाटली होती ती जोडाशेजारची कानाची पट्टी. तार हाताने वाकवून वाकवून तुटते, तशी. त्या जागी पट्टी जाड हवी होती, आणि ते कळायला मागून ओढून पाहायला हवं होतं. मी मोबाइलमध्ये फोटो काढला. मग भरतीचं पाणी आलं आणि मी बाहेर पडलो.

आमच्या मालकांच्या केबिनमध्ये चौघे बसलो होतो. त्यांनी मला विचारलं, "साहेब, दोन्हीकून तपासलं होतं ना?"

मी रजिस्टर पुढे सरकवलं. त्यांनी दोन रकाने पाहिले, सही पाहिली.

"मंग वेल्डिंगच कच्चं असंल," ते म्हणाले.

मी म्हणालो, "असू शकते."

एवढेच दोन शब्द. फोटो माझ्या खिशात होता.

मनाशी मी कारण तयार ठेवलं होतं. तपासणीच चुकली असं निघालं तर बर्फ कारखानावाला आमच्या कुठल्याच कागदावर विश्वास ठेवणार नाही, करार जाईल, सगळ्यांचं काम जाईल. जोड कच्चा निघाला तर एक जोड बदलून भागेल. ते अगदी खोटं नव्हतं. पण खरं कारण फार लहान होतं. तिने मला आधी सांगितलं होतं आणि मी चारचौघांत हसलो होतो. ते मला उघडं पडू द्यायचं नव्हतं.

दुरुस्ती खाडीवरच तिथल्या वेल्डरांकडून झाली, म्हणून आमच्या शॉपमध्ये तो जोड कोणी पाहिला नाही. तेव्हा मी "काळजी म्हणून" दोन्ही कानांच्या पट्ट्या दुप्पट जाड करायला लावल्या. डोंगा पुन्हा लागला, तीन महिने चालला, पुढेही चालला. बर्फ कारखान्याने वीज घेतली, चार डोंग्यांची ऑर्डर दिली. आज त्या खाडीत आमचे डोंगे आहेत आणि मच्छीमारांच्या बर्फाची वीज भरती-ओहोटीतून येते. मला शाल-श्रीफळ मिळालं. ती सुपरवायझर झाली नाही. तिला आधी जोडकामावरून काढून घासकामावर, म्हणजे दुसऱ्यांचे जोड घासून साफ करायला, टाकलं. दोन महिन्यांनी ती स्वतःच येईनाशी झाली.

निवृत्तीनंतर कळलं की तिने काटोलला वेल्डिंगचं दुकान टाकलं आहे. मी एसटीने गेलो. खिशात फोटोची प्रत होती. काय बोलायचं ते बसमध्ये मनात म्हणत गेलो. दुकानापुढे फवारणीचे पंप, ट्रॉलीचा एक हूक, खिडकीच्या जाळ्या. तिने मला पाहिलं आणि खुर्ची पुसली.

"काका, कसे काय इकडे? डोंगे चालून राहिले ना?"

"चालून राहिले."

"किती झाले?"

"पाच."

ती खरंच खूश झाली. चहा मागवला. दुकानात आलेल्या एका शेतकऱ्याला म्हणाली, "हे आमचे साहेब. आम्ही समुद्रावरची मशीन बनवली होती." तो म्हणाला, "मंग माह्या पंप काहून गळते?" ती म्हणाली, "तुह्या पंप समुद्रापेक्षा जुना आहे गा, म्हणून."

तो गेल्यावर तिने मला एक लहान भट्टी दाखवली. वेल्डिंगचे रॉड त्यात गरम ठेवलेले. "दमट रॉडानं जोड आतून कच्चा राह्यते," ती म्हणाली. "त्या दिवशी माह्या हातून थेच झालं असंल, काका. लय दिवस आठवत राह्यली, कोणता रॉड दमट होता म्हणून. तुमाले माह्यापायी खाली पाहा लागलं."

मी चहा संपवला. माझ्या चष्म्याची काडी सैल झाली होती, ती तिने पकडीने घट्ट करून दिली. शेवटची बस पाचला होती. फोटो खिशातच राहिला.

मागच्या महिन्यात मी तो फोटो आमच्या मालकांना नेऊन दिला. ते म्हणाले, "आता काहून काढून राहिले, साहेब?" पण रजिस्टरच्या त्या पानाला माझी चिठ्ठी आणि फोटो त्यांनी माझ्यासमोर टाचला. चिठ्ठीत लिहिलं आहे की चाचणी एकाच बाजूने झाली होती, मागचा कान तपासला नव्हता, सात नंबरचा जोड शेवटपर्यंत शाबूत होता.

मग काटोलला गेलो. शटर बंद होतं. शेजारच्या सायकलवाल्याने सांगितलं, ती आणि तिच्या घरचे सगळे कामासाठी बाहेरच्या राज्यात गेले, कुठे ते माहीत नाही. तिचा जुना फोन लागत नाही. बसमध्ये मनात म्हटलेलं तेवढंच माझ्यापाशी उरलं आहे, ते इथे लिहितो.

बाई, तुझा रॉड दमट नव्हता. तू विचारलं होतंस, मी हसलो होतो. चूक माझी होती आणि ती मी तुझ्या नंबरावर जाऊ दिली. मला माफ कर.