सिकंदराचा गुरू

मुद्रितं तपासण्यात बाईंची बावीस वर्षं गेली होती. छापखान्यात, बाइंडिंगच्या खोलीमागे, खळीच्या वासात त्यांचं टेबल होतं. लेखक येत, चहा पीत, स्वतःविषयी बोलत. बाई मान वर करत नसत. पुस्तक लिहिणाऱ्याला ते वाचायची सवय नसते, हे त्यांचं ठाम मत.

त्यातही डोक्यात जायचे ते ज्ञानसागर सर. हे नाव कामगारांनी ठेवलेलं. नद्या, राजे, पंडित, पुराणकथा, सगळ्यावर सरांची प्रश्नोत्तरांची पुस्तकं. चार जुनी समोर ठेवायची आणि पाचवं पाडायचं! एकात त्यांनी व्होल्गा नदी काळ्या समुद्रात नेऊन सोडली आणि सिकंदराचा गुरू म्हणून सॉक्रेटिसला बसवलं.

बाईंनी लाल शाईनं लिहिलं : "व्होल्गा कॅस्पियनला मिळते. गुरू ॲरिस्टॉटल. सॉक्रेटिस वारल्यावर चाळीसेक वर्षांनी सिकंदर जन्मला."

सर हसले. "नदीचं बदला. पण सॉक्रेटिस राहू द्या, नाव वजनदार आहे. अन् बाई, तुम्ही फक्त शुद्धलेखन बघा."

"बरं," बाई म्हणाल्या. पालथ्या घड्यावर पाणी कशाला ओतायचं? नदी सुधारली, सॉक्रेटिस तसाच छापला.

पुढच्या वर्षी कारकून भरतीची प्रश्नपत्रिका काढायचं काम सरांकडेच गेलं. त्यांनी प्रश्न उचलले ते स्वतःच्याच पुस्तकातून, उत्तरांसकट. बाईंच्या भाचीनं ॲरिस्टॉटल लिहिलं, मावशीनंच शिकवलेलं. पोरगी एका गुणानं नापास.

बहीण तणतणत घरी आली. "तुला चूक माहीत होती ना गं?"

"मी खूण केली होती."

"खूण केलीस आणि छापू दिलंस! सगळ्यांना मूर्ख समजतेस, आणि वेळ आली की गप्प."

सरांची बाईंना नेहमीच कीव यायची. त्या दिवशी स्वतःची किळस आली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माळ्यावरून ते जुनं मुद्रित शोधून काढलं आणि भाचीला घेऊन हरकतींच्या सुनावणीला गेल्या. सर तिथं होतेच. लाल अक्षरं बघून म्हणाले, "यावर विद्वानांत दोन मतं आहेत."

"मतं दहा असू देत," बाई म्हणाल्या, "पण मेलेला माणूस शिकवणी घेत नाही."

अधिकाऱ्याला हसू आवरेना. प्रश्न रद्द झाला, त्याचा गुण सगळ्यांना मिळाला, भाची पास झाली.

महिन्याभरात नव्या आवृत्तीची प्रस्तावना टेबलावर आली. 'ही चूक प्रथम माझ्याच चाणाक्ष नजरेस पडली,' असं सरांनी लिहिलं होतं. बाईंनी समासात लिहिलं, "खोटं." आणि कागद थेट मालकाच्या हातात दिला. मालकानं वाक्य काढलं. सर रागानं पुस्तक उचलून दुसऱ्या छापखान्यात गेले.

तिथं ते वाक्य जसंच्या तसं छापून आलं. बाईंनी पुस्तकांच्या दुकानात उभ्या उभ्या वाचलं. "निर्लज्ज मेला," असं पुटपुटत पुस्तक परत ठेवलं आणि नोकरीवर रुजू होणाऱ्या भाचीसाठी चांगलीशी छत्री बघायला शेजारच्या दुकानात शिरल्या.