पाय लागला म्हणून

देवावर माझा राग होता आणि तो मी कुणापासून लपवलाही नव्हता. आमची एकुलती एक लेक ऋता गेली, त्यानंतर दोन वर्षं मी देव्हाऱ्यापुढे हात जोडले नाहीत. लेस्टरच्या आमच्या घरात स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात छोटा देव्हारा होता. हे रोज सकाळी आंघोळ करून त्याच्यासमोर अर्धा तास डोळे मिटून बसायचे आणि मी नेमकी त्याच वेळी भांडी घासायला काढायची. जितका आवाज करता येईल तितका करायची. ज्याने मुलगी नेली त्यालाच हा माणूस फुलं कशी वाहतो, हे मला समजत नव्हतं. ह्यांचं मन इतक्या लवकर कसं निवलं, असं वाटून माझा अगदी संताप व्हायचा.

ऋता युनिव्हर्सिटीत भूशास्त्र शिकत होती. नोव्हेंबरातल्या एका शनिवारी घरी आली होती. रविवारी परत जायच्या वेळी ट्रेन बंद असल्याचं कळलं, म्हणून ह्यांनी आपल्या गाडीची किल्ली तिच्या हातात ठेवली. मोटरवेवर दाट धुकं होतं. त्याच्यापुढचं लिहिण्याची माझी ताकद नाही. किल्लीबद्दल मात्र मी ह्यांना कधी काही बोलले नाही. मनात रोज बोलत होते.

तिची एक सवय सांगायला हवी. कशाला पाय लागला तर वाकून हात लावायचा आणि तो कपाळाला टेकवायचा, हे मीच तिला लहानपणी शिकवलं होतं. तिने ते इतकं मनावर घेतलं की पुस्तक, दप्तर, शेजारचं मांजर, एकदा तर सुपरमार्केटातली ट्रॉली, सगळ्यांनाच तिचे नमस्कार पोहोचले. कॉलेजच्या सहलीत ती डॉर्सेटच्या किनाऱ्यावर पोर्टलंडला गेली होती, तिथून तिचा फोन आला. "आई, इथे खरी झाडं आहेत, पण सगळे स्टोन झालेत. मिलियन्स ऑफ इयर्स. माझा पाय लागला एका ट्रीला. नमस्कार करायचा की नाही? आता तो स्टोन आहे ना?" मी पोळ्या लाटत होते. म्हटलं, "कर गं, काय बिघडतं?" ती म्हणाली, "केला ऑलरेडी. सगळे हसले मला."

दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात ह्यांना तिच्या सामानात एक निळी वही सापडली. तिच्यात त्या दगडी झाडांकडे जाणाऱ्या वाटेचा तिने पेन्सिलीने काढलेला नकाशा होता. हे म्हणाले, "आपण जाऊन येऊ. तिला दाखवायचं होतं आपल्याला." मला जायचं नव्हतं, पण ह्यांना एकटं सोडायचंही नव्हतं.

तो उन्हाळा भयंकर होता. दक्षिणेत बऱ्याच ठिकाणी बागेला पाईपने पाणी घालायची बंदी होती, हिरवळी पिवळ्या पडल्या होत्या. पोर्टलंडला गाडी लावून आम्ही नकाशातल्या वाटेवर आलो, तर तिथे पाटी होती की या वाटेची देखभाल आता होत नाही, जाणाऱ्याने आपल्या जबाबदारीवर जावं. तिथेच मागे फिरायला हवं होतं. पण पेन्सिलीची रेघ पाटीच्या पुढे जात होती आणि ती रेघ ऋताने ओढलेली होती.

पुढे दगडाच्या जुन्या, सोडून दिलेल्या खाणी होत्या. इंग्लंडात असं वाळवंट असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. पांढरे दगड, पांढरी धूळ, कुठे सावली नाही, पाण्याचा थेंब नाही. वाट कधी काटेरी झुडपांत शिरून नाहीशी व्हायची, कधी ढिगाऱ्याखाली गडप व्हायची. तासाभराने आम्ही पुरते चुकलो. बाटलीत दोन घोट उरले होते. मोबाईलला सिग्नल नव्हता. मी चिडून विचारलं, "आता काय करायचं?" हे नेहमीसारखेच शांत. म्हणाले, "देव आहे ना. दाखवील वाट."

आणि माझ्या तोंडून ते निघून गेलं. "किल्ली तुम्ही दिलीत. तेव्हा कुठे होता तुमचा देव?"

ह्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. वही मिटून शर्टाच्या खिशात ठेवली आणि चालू लागले. मीही हट्टाने पाठ फिरवून एका दगडावर बसून राहिले. मला बोलल्याचा पश्चात्ताप झाला नव्हता, उलट बरं वाटत होतं, हे आज कबूल करते. दहा-पंधरा मिनिटांनी मागे वळून पाहिलं तर हे कुठेच नव्हते.

आधी मला वाटलं, रुसलेत. मग ढिगाऱ्यांवर चढून पाहिलं, खाली उतरून पाहिलं, घसा फाटेपर्यंत "अहो, अहो" अशा हाका मारल्या. तीस वर्षांच्या संसारात मी ह्यांना दुसरं काही म्हटलंच नव्हतं. शेवटी पहिल्यांदा नावाने हाक मारली. तीसुद्धा दगडांवर आपटून माझी मलाच ऐकू आली. दोन तास गेले. ओठ फुटले. आता मला फक्त एकच भीती होती. हा माणूस सापडला नाही तर मी ह्यांना बोललेलं शेवटचं वाक्य तेच राहणार होतं.

तेवढ्यात माझा पाय जोरात ठेचकाळला. वाळक्या गवतात एक आडवा दगड होता, आडव्या पडलेल्या खोडासारखा, त्यावर सालीच्या रेघासुद्धा दिसत होत्या. अंगठ्यातून कळ मस्तकात गेली. आणि मी वाकले. विचार करून नाही. त्या झाडाला हात लावला आणि कपाळाला टेकवला. हात कपाळावर असतानाच माझ्या ध्यानात आलं की मी नमस्कार केलाय, दोन वर्षांत पहिल्यांदा. स्वतःचाच राग आला.

पण डोकं अजून खालीच होतं. उभ्याने तिथे नुसती काट्यांची जाळी दिसत होती. वाकल्यावर जाळीच्या बुडाशी, खोडाच्या पलीकडे खडकात पडलेली एक अरुंद भेग दिसली. तिच्या कडेला निळी वही पडलेली होती.

हे त्या भेगेत दोन पुरुष खोल पडले होते. डोक्याला मार लागून शुद्ध गेली होती, म्हणून माझ्या हाका पोहोचल्या नव्हत्या. पाय विचित्र वळला होता. मी पालथी पडून ओरडत राहिले, तेव्हा कुठे ह्यांची मान हलली.

माझं ओरडणं ऐकून एक इंग्रज बाई आली. कडेकपारी चढणारी होती, खांद्यावर दोराची गुंडाळी. तिची ठरलेली जागा त्या दिवशी बंद होती म्हणून ती आयुष्यात पहिल्यांदा या बाजूला आली होती, हे तिने नंतर सांगितलं. मी इंग्रजी साफ विसरले होते, मराठीतच बडबडत होते. तिने माझ्या हातात पाण्याची बाटली दिली, भेगेत वाकून पाहिलं, दोर बांधून खाली उतरली आणि ह्यांच्या डोक्याला फडकं बांधलं. मग वर येऊन सिग्नल मिळेपर्यंत पळत गेली. हेलिकॉप्टर आलं. त्या गडबडीत तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

हे वाचले, असं मला आवडलं असतं लिहायला. मांडीचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन झालं, आणि अकराव्या दिवशी रक्ताची गाठ फुप्फुसात जाऊन हे गेले.

पण मधे अकरा दिवस होते. तिसऱ्या दिवशी हे नीट बोलायला लागले. मी पलंगाशी बसून म्हटलं, "मी जे बोलले ना तिथे, ते..."

ह्यांनी माझा हात धरला. म्हणाले, "बोललीस ते बरं झालं गं. दोन वर्षं रोज देवापुढे बसून मी तेवढंच म्हणत होतो. किल्ली मी दिली, किल्ली मी दिली. दुसरी प्रार्थनाच येत नव्हती मला."

आणि मी भांडी आपटत होते. ह्यांचं मन निवलंय असं समजून.

मी खूप रडले. मग म्हटलं, "त्या दिवशी तुम्ही दिली नसतीत तर मी दिली असती. ट्रेन नव्हती. मीच म्हटलं असतं, घेऊन जा बाबांची गाडी." हे मी ह्यांना बरं वाटावं म्हणून म्हटलं नाही. बोलता बोलताच मला कळलं की ते खरं आहे. त्या दिवशी जेवण आलं ते ह्यांनी सगळं संपवलं आणि गाढ झोपले. ऋता गेल्यापासून ह्यांना असं झोपलेलं मी पाहिलं नव्हतं.

पाय कुठेही ठेचकाळू शकतो, हे मला समजतं. मी लॅबमध्ये जन्म घालवलेली बाई आहे, योगायोग कशाला म्हणतात ते मला कुणी शिकवायला नको. कुणाला पटवावं म्हणून मी हे लिहीत नाही. मला एवढंच ठाऊक आहे की ताठ मानेने दोन तास शोधून जे सापडलं नाही, ते वाकल्यावर दिसलं, आणि वाकणं माझ्या मर्जीने झालं नव्हतं. त्याने माझी माणसं परत दिली नाहीत. पण ते वाक्य परत घ्यायला अकरा दिवस दिले, आणि ते मी मागितलेही नव्हते.

आता सकाळी त्यांच्या पाटावर मी बसते. निळी वही देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर आहे. काही मागत नाही, तक्रारही फारशी करत नाही. डोकं टेकते, थोडा वेळ तसंच ठेवते, मग उठून भांडी घासते. हल्ली भांड्यांचा आवाज होत नाही.