त्याला झेपेल असा प्रोग्राम

आम्ही दोघं धुळ्याच्या इंजिनीअरिंग कॉलेजात एकाच वर्गात होतो. लग्नानंतर जळगावात राहत्या घरीच काम सुरू केलं. सावद्याकडच्या केळीच्या बागांवरून ड्रोनने काढलेले फोटो यायचे आणि आमचा प्रोग्राम त्यातली रोगट झाडं शोधून द्यायचा. फोटो ढीगभर. म्हणून त्यांचे तुकडे करून कॉम्प्युटरच्या सगळ्या कोअरना, म्हणजे आतल्या छोट्या छोट्या मेंदूंना, एकदम कामाला लावायचं, हे माझ्या नवऱ्याचं खास काम. कुठला तुकडा कोणत्या कोअरला, कोणी कोणासाठी थांबायचं, सगळं तो हाताने लिहायचा. मी म्हणायचे, "ही गुंतागुंत साध्या सूचनांच्या एका थराखाली झाक ना. दुसऱ्याला वाचता आलं पाहिजे."

"झाकलं की वेग जातो," तो हसायचा. "आणि दुसरं कोण वाचणारे? तू आणि मी."

मग त्याला स्ट्रोक आला. हातपाय सावरले, बोलणं परत आलं. पण एका वेळी दोन गोष्टी डोक्यात धरणं त्याला जमेना. फोनवर बोलताना गॅसवर चहा आहे हे विसरून जायचा. सोनगीरहून आलेल्या सासूबाई मला ओट्यापाशी गाठून म्हणाल्या, "त्याले काम दे माय. रिकामा बठना ते खची जाई."

म्हणून तो थर मी लिहिला. सगळी वाटणी, सगळी थांबाथांबी आत दडवली. वर राहिल्या साध्या सूचना: फोटो वाट, तुकडा तपास, निकाल गोळा कर. त्याने फक्त एका झाडाचा विचार करायचा, बाकीचं थर बघेल. तो पुन्हा खुर्चीत बसला. पानावरचा पिवळा डाग कुठला आणि उन्हाची तिरीप कुठली, हे ओळखणारा नियम त्याने बरेच दिवस खपून लिहिला. तो नियम चालला तेव्हा त्याने आधी सोनगीरला आईला फोन केला.

पण प्रोग्राम मंदावला. थर प्रत्येक झाडासाठी नव्याने काम वाटायचा आणि त्या वाटपातच वेळ जायचा. सावद्याचे आमचे गिऱ्हाईक, त्यांना आम्ही नाना म्हणायचो, कुरकुरू लागले. "ताई, मजूर बागेतून परत फिरल्यावर तुमचा निकाल येतो. काय करू त्याचं?"

शेवटी मी एकच जागा उघडली. सगळ्यात आत, जिथे जास्तीत जास्त वेळ जात होता, तिथला थर काढून नवऱ्याने पूर्वी हाताने लिहिलेला भाग परत बसवला. बाकीचा थर आणि त्याचा नवा नियम तसाच ठेवला. वेग पूर्वीइतका नाही, पण बराच परत आला. नाना म्हणाले, चालेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो नेमका तोच भाग उघडून बसला होता. बोट स्क्रीनवरच्या ओळींवरून फिरत होतं.

"हे कोणी लिहिलं?"

मी खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसले.

"मला कळत नाहीये काही," तो म्हणाला. "पण माणूस तयार आहे. एकही कोअर रिकामा बसू देत नाही."

"तू लिहिलंयस."

मी मस्करी करतेय का, म्हणून त्याने माझ्याकडे पाहिलं. मग पहिल्या ओळीपासून परत वाचू लागला. ओठ हलत होते. थोडं पुढे जाऊन अडायचा, पुन्हा वर यायचा. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि रडले.

त्यानंतर तो कामाच्या खोलीत येईनासा झाला. एकदा मी बोलावलं, "नवा रोग आलाय, नियम लिहायचाय. येतोस?"

"तूच लिही," म्हणाला आणि गच्चीत गेला.

हल्ली तो सोनगीरला आईकडेच जास्त असतो. फोन मी करते. तिकडे ऊन किती आहे ते सांगतो, जेवलीस का विचारतो. कामाचा विषय तो काढत नाही, मीही काढत नाही.