इरासाठी हिवाळा बघायला: डुलूथ ते बोझमन

"आई, तू येशील माझ्याबरोबर? दोन्ही गावं बघू, मग ठरवते," इराने विचारलं तेव्हा सप्टेंबर निम्मा सरला होता आणि फिनिक्सशेजारच्या आमच्या चँडलरमध्ये अजूनही उन्हात ठेवलेल्या गाडीच्या स्टिअरिंगला हात लावता येत नव्हता.

इरा माझी मुलगी. ॲरिझोनात जन्मली, इथेच वाढली, नुकतीच जनावरांची डॉक्टर झाली. नोकऱ्या दोन चालून आल्या होत्या: एक मिनेसोटात डुलूथला, एक मोंटानात बोझमनला. दोन्हीकडे हाडं गोठवणारी थंडी. मिलिंदला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यातून सुट्टी मिळेना. मग दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि घरातले होते नव्हते तेवढे स्वेटर भरून आम्ही दोघीच निघालो.

फिनिक्सहून मिनिआपोलिसला विमानाने, तिथून भाड्याच्या गाडीने उत्तरेला अडीच तास. एका गावात घेतलेली गाडी दुसऱ्या गावात सोडली तर भाडं बरंच वाढतं, तेवढं लक्षात ठेवा. डुलूथ जवळ आलं की रस्ता टेकडीवरून एकदम खाली उतरतो आणि समोर लेक सुपीरियर पसरतो. समुद्रच, फक्त खारा वास नाही. टेकडीवर मेपल लालभडक झाले होते. याच दिवसांत पानं बघायला गर्दी होते, त्यामुळे तळ्याकाठच्या खोल्या आधीच भरतात. आम्हाला वर, हायवेलगत मिळाली.

मैत्रिणीच्या ओळखीने नलिनीकाकूंकडे जेवायला गेलो. मूळच्या नागपूरच्या, सत्तरी ओलांडलेल्या, कित्येक वर्षं डुलूथमध्ये. मी विचारलं, "काकू, वर्षभर हवा कशी असते हो इथे?"

"नागपूरच्या उन्हाळ्यातून सरळ इथे आली मी," त्या हसल्या. "नोव्हेंबरात बर्फ पडला की एप्रिलपर्यंत जमीन दिसत नाही. मे महिन्यातही तळ्यावर बर्फाचे तुकडे तरंगत असतात. जूनमध्ये वर टेकडीवर लोक अर्ध्या बाह्यांत फिरतात आणि खाली काठावर धुकं, स्वेटर. जुलै-ऑगस्ट मात्र इतके सुंदर, की बाकी सगळं माफ."

"आणि वसंत?" इराने मराठीत विचारलं.

काकू तिला मागच्या दाराशी घेऊन गेल्या. तिथे लायलॅकचं, वसंतात जांभळ्या फुलांनी भरणारं झुडूप होतं. "सगळीकडे याची फुलं गळून जातात, तेव्हा कुठे आमच्याकडे हे फुलतं. जूनमध्ये! मी रोज सकाळी येऊन कळ्या बघते."

इरा त्या झुडपापाशी बराच वेळ उभी होती. मला मात्र काकूंच्या बोलण्यातलं 'जमीन दिसत नाही' तेवढंच ऐकू येत होतं.

दुसऱ्या दिवशी पश्चिमेला निघालो. फार्गोनंतर रस्ता इतका सरळ, की वळण आलं की बरं वाटतं. दोन्ही बाजूंना वाळलेली सूर्यफुलं, माना खाली घातलेली. शाकाहारी असाल तर डबा सोबत हवाच. पेट्रोल पंपावर चिप्स आणि केळी सोडून काही मिळालं नाही. मुक्काम बिस्मार्कला केला. सकाळी पुन्हा गाडी सुरू झाल्यावर मनात इतके दिवस घोळत होतं ते बोललेच.

"इरा, फिनिक्समध्येही जनावरं आहेत ना गं? इतक्या लांब कशाला?"

गाडी तीच चालवत होती. रस्त्याकडे बघतच म्हणाली, "आई, संडेच्या मराठी स्कूलमध्ये तू आम्हाला सहा ऋतू शिकवलेस. वसंत, ग्रीष्म, वर्षा, शरद, हेमंत, शिशिर. आय स्टिल नो देम. तुझ्या नाशिकची थंडी, शेकोटी, आजोबांची कानटोपी, सगळं सांगायचीस. मी खिडकीतून बाहेर बघायचे, इट वॉज ऑलवेज ग्रीष्म. यू हॅड सिक्स. आय गॉट वन."

मी खिडकीबाहेर बघत बसले. माझ्या गोष्टी मुलांना झोपवायला असतात असं मी समजत होते.

बोझमन डोंगरांच्या कुशीत, उंचावर. हवा कोरडी, आकाश निळंशार. विद्यापीठात बर्फावरच संशोधन करणारा सांगलीचा ओंकार कॉफीला भेटला. "काकू, इथे थंडी कडक, पण ऊन असतं, म्हणून मन मरत नाही," तो म्हणाला. "मधेच गरम वारा सुटतो आणि दोन दिवसांत बर्फ गायब. मग परत पडतो. मे-जूनमध्येही पडतो. उन्हाळ्यात दुपारी घाम, रात्री गोधडी. ऑगस्टमध्ये वणव्यांचा धूर आला की खिडक्या बंद. पण यार, ऊन!"

ऊन ऐकून माझा जीव भांड्यात पडला. शिवाय बोझमनहून फिनिक्सला थेट विमान आहे; डुलूथला जायचं तर मधे बदलावं लागतं. मनातल्या मनात मी तिचं घरसुद्धा लावून टाकलं.

सकाळी पडदा सरकवला तर पार्किंगमधल्या गाड्या पांढऱ्या. सप्टेंबरात! इरा चपला घालून तशीच बाहेर धावली, तळहात पसरून, तोंड वर करून. सत्ताविसाव्या वर्षी! दुपारपर्यंत सगळं वितळून गेलं. वितळणाऱ्या त्या पाण्याकडे बघत ती म्हणाली, "आई, डुलूथ."

"अगं, पण इथे ऊन आहे."

"ऊन मी खूप बघितलंय. तिथे लोक वाट बघतात, आई. काकू कळ्यांची बघतात तशी. मला आजवर कुठल्याच ऋतूची वाट बघावी लागली नाही."

मी तिचे गार पडलेले हात माझ्या हातांत घेऊन चोळत राहिले.

जाणाऱ्यांनी विचारलं तर सांगेन: फिरायला दोन्ही गावं सुरेख, सप्टेंबरअखेर उत्तम, पण राहायला जाणाऱ्याने तिथल्या माणसांशी आधी बोलावं. मला विचाराल तर मी अजूनही बोझमनच म्हणेन.

इरा ऑक्टोबरात गेली. नोव्हेंबरात एका दुपारी तिचा फोन आला. मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते, अर्ध्या बाह्यांच्या ब्लाउजमध्ये, कपाळावर घाम.

"आई, पडतोय. ऐक."

तिने फोन बाहेर धरला असावा. मी पडवीतला पंखा बंद केला. काहीच ऐकू येईना. ना वारा, ना गाडी, ना तिचा श्वास. तरी मी हातातला ओला टॉवेल तसाच धरून उभी राहिले, फोन कानाशी घट्ट लावून.

"ऐकलंस?" तिने विचारलं.

"हो," मी म्हटलं. "अजून थोडा वेळ धर."