आकड्यात बसणारा बस्ता

"आधी आकडा सांगा. साडी मागून बघू."

उजवा तळहात गादीवर पालथा ठेवून आक्का हे म्हणायची, आणि समोरचं माणूस हमखास इकडेतिकडे बघायचं. खिशात किती आहे हे भर दुकानात कोण सांगतं? तुम्ही गुलमंडीच्या कापडबाजारात लग्नाचा बस्ता बांधायला गेला असाल, तर ही लाज तुम्हालाही ठाऊक असेल. आक्का ती पहिल्या मिनिटात मोडायची. "लाजू नका. नुसता शालू दाखवून तुमचं तोंड कशाला उतरवू?"

मी त्याच दुकानात ब्लाउज पीसच्या काउंटरला होते. अकरा वर्षं तिच्या शेजारी बसले, तिच्या डब्यातलं खाल्लं.

नवरीचा शालू, विहिणीची साडी, आत्या-मावश्यांच्या मानाच्या साड्या, टॉवेल-टोप्या, सगळं ती एका आकड्यात बसवायची. सुटी किंमत कधी सांगायची नाही. "एकेक घेतलं की गिऱ्हाईक दर साडीला मरतं. एकदम बांधलं की एकदाच मरतं, आन् वर चहा पिऊन उठतं." आत्यांच्या साड्या जरा हलक्या धरायच्या आणि वाचलेलं विहिणीच्या साडीत घालायचं, हा तिचा हिशेब. मांडवात बायका विहिणीचाच पदर हातात घेऊन बघतात. शेवटी गठ्ठ्यावर एक टॉवेल ठेवून म्हणायची, "ह्यो माह्याकडून." तो टॉवेल आकड्यात आधीच धरलेला असायचा. मी एकदा हळूच तसं म्हटलं, तर हसली. "व्हय, धरलेलाच हाय. पण मान घेऊन गेलं की माणूस ताठ चालतं."

तिच्यामुळे शेजारच्या फुलंब्री गावाची अख्खी वऱ्हाडं आमच्याकडे यायला लागली. शेठच्या ते डोळ्यांत भरलं. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या, घडीवर विटलेल्या साड्या त्याच्या माळ्यावर होत्या. त्या खपवायला त्यानं 'तयार बस्ता'ची पाटी लावली. एकच किंमत, सगळं पांढऱ्या कापडात घालून शिवलेलं, उघडलं तर परत घेणार नाही. गाठोडी शिवायचं काम माझ्याकडे आलं. मी डावखुरी, माझे टाके उलटे तिरपे पडतात. आक्कानं त्या काउंटरला बसायला साफ नकार दिला. शेठनं ते मनात ठेवलं.

मग तिच्या लेकीचं लग्न ठरलं, फुलंब्रीलाच. "तुझ्या पोरीचा बस्ता दुकानाचा," असं शेठ कधीपासून म्हणत होता. आदल्या दिवशी त्यानं मला माळ्यावरच्या साड्या काढायला लावल्या. विहिणीची म्हणून जी दिली, तिच्या मधोमध घडीचा पांढरट पट्टा होता. मी म्हटलं, "शेठ, ही?" तो म्हणाला, "फुकटात हीच. शिव." मी शिवली. माझी नोकरी होती, माझीही पोर होती. कारणं खूप आहेत, मी ती स्वतःला अजून सांगते.

आयुष्यभर लोकांना घडी उलगडून दाखवणारी आक्का स्वतःचं गाठोडं न उघडता घेऊन गेली. दुकानाचा मान, मांडवातच उघडायचा, म्हणाली. मांडवात बायकांनी साडी उलगडली आणि तो पट्टा सगळ्यांनी पाहिला. विहीण एवढंच म्हणाली, "कापडाच्या दुकानात असून हे?" पहिल्या सणाला माहेरी आलेली लेक रडत होती. सासरी उठता-बसता तिला तेच ऐकवत होते.

आक्का मात्र लग्नानंतर चौथ्याच दिवशी कामावर आली होती. डबा उघडला, मला चटणी वाढली.

आठ महिने ती गप्प होती. मग लग्नाच्या तिथी दाट असताना एका शनिवारी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि तयार बस्ते धडाधड जात होते. आक्का उठली आणि शेठसमोरचं एक गाठोडं तिनं कात्रीनं फाडलं. विहिणीची साडी दारातल्या उन्हात अख्खी उलगडली. पट्टा. दुसरं फाडलं. पट्टा. तिसरं फाडलं. "बघून घ्या," ती खणखणीत म्हणाली, "अशीच माह्या विहिणीला गेली. माह्या लेकीनं आठ महिने शिव्या खाल्ल्या, त्या ह्या माणसापायी." शेठ हात जोडत होता. त्या गर्दीत तिच्या विहिणीची जाऊ होती. आक्कानं तिला आधीच ओळखलं होतं, आणि म्हणूनच ती वेळ साधली होती.

संध्याकाळपर्यंत फुलंब्रीत बातमी गेली. वर्षभरात शेठचं दुकान ओस पडलं. खोटं कशाला बोलू, मला लई बरं वाटलं. त्याच्या तोंडावरची माशी उठत नसे, ते मी रोज डोळे भरून बघायचे.

आक्कानं समोरच्या गल्लीत एक गाळा घेतला. आमच्याकडच्या दोघी विक्रेत्या मुलींना घेऊन गेली. मला नाही. मी वाट बघितली, शेवटी स्वतःच गेले.

"आक्का, मला का नाही?"

"शेठनं साडी दिली," ती पट्टीनं कापड मोजत म्हणाली, "पण तुहे टाके मी मांडवातच वळखले व्हते."

म्हणजे ते आठ महिने ती सगळं जाणून माझ्यासोबत जेवत होती.

"तुह्या पोरीचं जमलं की ये. बस्ता मी बांधीन."

यंदा जमलं. गेले. दुसरीकडे गेले असते तर माझ्या आकड्यात काही बसलं नसतं, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. तिनं आकडा विचारला, मी सांगितला. माझ्याकडे पाठ करून तिनं साड्या निवडल्या, पांढऱ्या कापडात घातल्या आणि सुई-दोरा माझ्यापुढे सरकवला. "शिव."

त्या दोन मुलींसमोर मी शिवलं. आत बघायची हिंमत झाली नाही.

घरी येऊन मात्र राहवलं नाही. माझ्या पोरीची सासू माझ्या डोळ्यांपुढे उभी होती. टाके उसवले, विहिणीची साडी खिडकीत धरली आणि एकेक वार तपासली. डाग नाही, पट्टा नाही. कापडात जन्म गेलाय माझा, ती साडी एकटीच माझ्या निम्म्या आकड्याची होती. वरचे पैसे आक्कानं स्वतःचे घातले होते. मी उघडून बघणार हे तिला पक्कं ठाऊक असणार. तिनं मला तोंडात मारली असती तर इतकं लागलं नसतं.

मी गाठोडं परत शिवलं. कुणाला कळू नये म्हणून सुई आधीच्याच भोकांतून घातली.

लग्नाचं आवतन द्यायला मी तीनदा गेले. ती आली नाही.