मागच्या घाटाचं फाटक

बेहाला या बंगाली उपनगरात आमच्या घरापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर एक तळं आहे. मेट्रोच्या खांबांच्या मागे, दाटीवाटीच्या घरांमध्ये ते कसंबसं टिकून आहे. ते वाचवण्याच्या प्रकल्पात मला काम मिळालं तेव्हा मी फार खूश झाले होते. पाणी स्वच्छ करायचं, काठावर झाडं लावायची, सभोवती कुंपण घालायचं आणि क्लबच्या बाजूला एकच फाटक ठेवायचं, अशी योजना होती. तळं लोकांना काय काय देतं आणि कुंपणामुळे कोणाचं काय जाईल, हे शोधणं आमच्या छोट्या गटाचं काम. निसर्ग गुपचूप करत असलेल्या उपकारांची ही नोंद, असं मी घरी मराठीत समजावलं होतं. त्यावर बाबा म्हणाले होते, "म्हणजे जनगणनाच, फक्त तळ्याची."

मागच्या गल्लीत एक मोडका घाट होता. तिथल्या बायकांना आम्ही दुपारी गाठलं आणि तळ्यातून तुम्हाला काय मिळतं, असं विचारलं. सगळ्यांचं उत्तर एकच, "काही नाही." गळ्यात ओळखपत्र अडकवलेली माणसं आली की पाणी घाण केल्याबद्दल ओरडणार, असा त्यांचा अनुभव. नकाशावर कुंपणाची रेघ त्या घाटावरून सरळ गेली.

मला ते पटलं नव्हतं. पायऱ्यांच्या कडांना शेवाळ होतं, पण मधला भाग स्वच्छ होता. पाण्यालगतच्या पायरीवर शेंदराचे जुने ठिपके होते. मी हे कोणाला बोलले नाही. मी सहसा बोलत नाहीच. दुसऱ्या दिवसापासून कामाच्या आधी जाऊन घाटावर नुसती बसू लागले.

गल्लीच्या तोंडाशी ब्लाउज शिवणाऱ्या एक काकीमा होत्या. काही दिवस त्यांनी माझ्याकडे मशीनवरूनच पाहिलं. मग एकदा हाक मारली, "काय गं मुली, कोणाची वाट बघतेस? उन्हात बसून काळी पडलीस, तर तो येऊनही परत जाईल!"

आतल्या बायका खदखदून हसल्या. मीही हसले. त्यानंतर मला चहा मिळू लागला, आणि चहाबरोबर गप्पा. काकीमांच्या मोठ्या मुलीचं लग्न ठरलं होतं. "त्या दिवशी उजाडायच्या आत ये," त्या म्हणाल्या. "मग कळेल घाट कशाला लागतो ते."

लग्नाच्या दिवशी पहाटे बाबांनी मला स्कूटरवरून सोडलं. गल्लीतून बायका निघाल्या होत्या, लाल काठाच्या साड्या, हातात सूप आणि पितळी कलश. कोणी शंख फुंकत होतं, बाकीच्या जिभा हलवून 'उलू' असा मंगल घोष करत होत्या. पायरीवर पान-सुपारी आणि शेंदूर ठेवून काकीमांच्या जावेने पाण्याला लग्नाचं बोलावणं केलं. त्यांच्या लेखी तळ्यातलं पाणीही गंगाच. मग कलश बुडवून भरला. त्याच पाण्याने पुढे नवरीची आंघोळ.

परतताना मी विचारलं, "क्लबच्या घाटावरून नाही का नेता येणार?"

काकीमा थांबल्या. "तिथे पहाटेपासून बापे खुर्च्या टाकून बसतात. आणि फाटक उघडायला आधी दरवानाला उठवायचं? माझी धाकटी अजून लग्नाची आहे गं. तिचं पाणी काय नळावरून नेऊ?"

घरी आल्यावर आईला हे सांगितलं. ती भाजी निवडत होती. "तू झालीस तेव्हा विहीर पुजायची होती," ती म्हणाली. "बेहालात विहीर कुठून आणू? बाथरूममधली बादली पुजली. तुझी आजी फोनवर विचारत होती, विहीर खोल आहे ना गं? मी म्हटलं, हो."

आम्ही दोघी खूप हसलो. मग ती हळूच म्हणाली, "बादली ती बादलीच."

आराखडा ठरवायची बैठक क्लबच्या खोलीत झाली. क्लबचे सेक्रेटरी, पालिकेचे इंजिनिअर, आमच्या गटाच्या प्रमुख दीदी, आणि दाराशी गल्लीतल्या बायका. मी आदल्याच दिवशी दीदींना सगळं सांगितलं होतं. "तिथे तू बसलीस, आता तूच बोल," त्या म्हणाल्या होत्या; आता त्यांनी मला खुणावलं.

मी उभी राहिले. मागच्या घाटालाही फाटक हवं, एवढं बंगालीत सांगितलं.

सेक्रेटरी समजुतीच्या सुरात म्हणाले, "पण मुली, त्या बायकांनीच सांगितलंय ना, काही उपयोग नाही म्हणून?"

"आपण विचारलं, तळ्यातून काय मिळतं," मी म्हणाले. "त्या कलश भरतात, पण त्यांच्या लेखी ते घेणं नव्हेच. त्या पाण्याला लग्नाचं आमंत्रण द्यायला जातात. आपला प्रश्नच चुकला."

मग दारातून काकीमांचा आवाज आला, "आणि सेक्रेटरीबाबू, तुमच्या मुलाच्या हळदीचं पाणी कुठून नेलं होतं? शंख मी फुंकला होता!"

इंजिनिअर आधी हसले, मग सगळेच. सेक्रेटरींनी चष्मा पुसला. "लिहून घ्या, दुसरं फाटक," ते म्हणाले. किल्ली गल्लीकडे राहील, हेही तिथेच ठरलं. दीदींनी अहवालाचं ते प्रकरण माझ्याकडे सोपवलं. ते लिहिताना मला एकाही वाक्यासाठी अडावं लागलं नाही.

फाटक बसवायच्या दिवशी मी गेले. पायऱ्या नव्याने बांधल्या होत्या, पाणी निवळलं होतं. काकीमांचं वेल्डरशी भांडण चाललं होतं. "सूप घेतलेली एक आणि कलश घेतलेली एक, दोघी शेजारी शेजारी जायला हव्यात. यातून एक तरी नीट जाते का?"

"नकाशात एवढंच आहे," तो म्हणाला.

"मग नकाशावालीला विचार. ती बघ, उभी आहे."

त्याने माझ्याकडे पाहिलं. नकाशावाली म्हणजे मीच, हे कळायला मला एक क्षण लागला. इंजिनिअरना फोन केला, त्यांचा होकार घेतला. मग मी कुंपणाच्या पलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "रुंद करा."