छत्रीचं तोंड आग्नेयेला

आमच्या धंद्यात किस्से शोधायला जावं लागत नाही, ते धुळीसारखे अंगाला चिकटून घरी येतात. पाहुणा आला की लोक त्याला बैठकीच्या खोलीत बसवतात. आम्हाला थेट गच्चीवर पाठवतात. आणि गच्चीवरून घर वेगळंच दिसतं. कुठं शेवया वाळत असतात, कुठं फुटकी टाकी, कुठं सासूवर रुसून वर येऊन बसलेली सून. आम्ही छत्री बसवतो आणि उतरतो, पण बघितलेलं डोक्यात राहतं.

मी दत्ता. सोलापुरात बावीस वर्षं टीव्हीच्या छत्र्या बसवतोय, फुकट चॅनेलवाल्या. जोडीला युसूफभाई. तो वर छत्री फिरवणार, मी खाली टीव्हीसमोर उभा राहून सांगणार, एवढीच आमची कंपनी. आपल्या गावातून छत्रीचं तोंड आग्नेयेला आणि बरंचसं वर लागतं, कारण उपग्रह तिकडं आहे. ती बोटभर हलली की चित्राचे चौकोन होतात, आणखी बोटभर हलली की पडदा काळा. बावीस वर्षं त्या एका बोटाच्या मागं असल्यामुळं मला स्वस्थ बसता येत नाही. हात सारखे काहीतरी फिरवायला बघतात. माझी बायको मंगल म्हणते, "जेवायला बसलात तरी ताट दोनदा फिरवता तुम्ही."

•

पूर्व भागात एका विणकरांच्या घरी गेलो होतो. खाली चार लूम चालू, त्यांच्या मागच्या खोलीत टीव्ही, आणि दोन मजले वर गच्ची. एप्रिल महिना, दुपारचे दोन. लूमच्या खडखडाटात फोन कानाला लावला तरी काही कळत नव्हतं.

घरातली म्हातारी, सगळे तिला अव्वा म्हणत होते, जिन्याच्या मधल्या पायरीवर येऊन उभी राहिली. तिनं खुणेनं सांगितलं, तू मला सांग, मी वर सांगते. तिला मराठी बेताचं, युसूफभाईला तेलुगू बेताचं. पण काम सुरू झालं. वरून युसूफभाई विचारायचा, "आलं का?" अव्वा खाली वाकून मला विचारायची, "वच्चिंदा?" मी हात हलवून नाही म्हणायचो, की ती वर तोंड करून ओरडायची, "नाही, नाही."

असं पाऊण तास चाललं. पडदा काळाच. मी चुळबुळायला लागलो. वायर बदलली, बॉक्स काढून पुन्हा लावला. आणि वर बघतो तर युसूफभाई घामानं निथळत, पाना खिशात घालून जिना उतरतोय.

"अरे, उतरलास का? चित्र कुठं आलंय?"

"अव्वा बोली, आलं."

आम्ही दोघांनी अव्वाकडं पाहिलं. तिनं युसूफभाईच्या हातात पाण्याचा तांब्या दिला आणि मोडक्या मराठीत मला म्हणाली, "किती वेळ उन्हात राहील तो? म्हणून मीच म्हणलं, आलं."

•

एका गल्लीत दोन भावांचं घर होतं. मधून भिंत घातलेली, ती गच्चीवरही नेलेली. थोरले अण्णा उत्तरेकडं, धाकटे शिवाप्पा दक्षिणेकडं. सहा वर्षं एकमेकांशी बोलणं नव्हतं.

छत्री हवी होती शिवाप्पांना. पण त्यांच्या बाजूला शेजारी नवी तीन मजली इमारत झाली होती, तिनं नेमकी आग्नेय दिशा झाकली होती. आभाळ मोकळं होतं ते फक्त अण्णांच्या गच्चीच्या कोपऱ्यात.

मी शिवाप्पांना तसं सांगितलं. ते बराच वेळ मनगटावरचं घड्याळ काढत-घालत राहिले. मग म्हणाले, "तुम्ही विचारून बघा. पण मी विचारायला सांगितलं असं म्हणू नका."

मी बाहेरून वळसा घालून अण्णांच्या दारात गेलो. अण्णा पेपर वाचत होते. सगळं ऐकून घेतलं आणि पेपरमधून मान वर न काढता म्हणाले, "लावा. पण मी हो म्हणलो असं त्याला सांगू नका."

तेव्हा ती छत्री कुणी न विचारता, कुणी परवानगी न देता बसली. वायर भिंतीवरून पलीकडं सोडली.

दिवाळीनंतर एका सकाळी अण्णांचा फोन आला. "दत्ताभाऊ, तुमची छत्री वाऱ्यानं हललीय. लवकर या."

मी विचारलं, "तुम्हाला कसं कळलं? टीव्ही तर त्यांचा आहे."

"कालपासून भिंतीपलीकडून बातम्यांचा आवाज नाही," अण्णा म्हणाले. "मला करमेना."

•

वळसंगला एका शेतातल्या घरी गेलो होतो. मातीचं माळवद, म्हणजे सपाट मातीचं छप्पर, आणि भिंतीला टेकवून कडब्याची गंजी. घरात गंगूआजी, तिचा मुलगा आणि वीस-बावीस शेळ्या. मी स्वतः मीटर लावून सिग्नल सत्तरवर आणला. त्या जागी सत्तरच्या वर जात नव्हता. तासभर झटलो तरी नाही.

चार दिवसांनी फोन. चित्र गेलं. गेलो तर एक पांढरी शेळी गंजीवरून माळवदावर चढलेली, छत्रीला पाठ घासत होती. तिला हाकललं, छत्री पुन्हा सत्तरवर आणली. आठवड्यात पुन्हा फोन. पुन्हा तीच शेळी. मी गंजीच्या कडेनं बाभळीच्या फांद्या लावायला सांगितल्या आणि चिडूनच परत आलो. रस्ताभर युसूफभाई हसत होता.

पुढं महिना गेला, फोन नाही. मला मात्र चैन पडेना. एखादं गिऱ्हाईक फोन करत नाही म्हणजे टीव्ही चांगला चाललाय, की त्यानं दुसरा माणूस बोलावलाय, हे कळेपर्यंत जीव थाऱ्यावर नसतो माझा. अक्कलकोटला कामाला निघालो होतो, तेव्हा वाटेत उतरलो.

बाभळीच्या फांद्या बाजूला पडलेल्या. छत्री तिरकी झालेली. आत टीव्हीवर मात्र काचेसारखं स्वच्छ चित्र. मी मीटर लावला. चौऱ्याऐंशी.

मी पुन्हा वर गेलो, पुन्हा खाली आलो, मीटर बदलून पाहिला. चौऱ्याऐंशीच. शेळी गंजीवर बसून रवंथ करत होती.

गंगूआजी म्हणाली, "कुणाला बोलवू नगं म्हणलं म्या लेकाला. तिनंच केलंय नीट."

मी मीटर पिशवीत टाकला. आजीला वाटलं मला वाईट वाटलं. तिनं समजूत घातली. "पायजे तर तिला संगं न्या की कामाला. पर सांजच्याला हितं आनून सोडायची."

•

हल्ली कामं कमी झालीत. लोक मोबाइलवर बघतात. मधे युसूफभाईच्या मेहुण्यानं त्याला कॅमेरे बसवायच्या कामात घेतलं. मला सांगायलाही तो दोन दिवस घुटमळत होता. शेवटी चहाच्या गाड्यावर बोलला. मी म्हणालो, जा. दुसरं काय म्हणणार? पण तेवढे दिवस मी खाली टीव्हीसमोर उभा राहायचो आणि वर कुणी नाही हे आठवायला वेळ लागायचा. दोन कामं एकट्यानं केली. वर चढ, फिरव, खाली ये, बघ, परत वर चढ. तिसऱ्या कामाला गेलोच नाही.

अकराव्या दिवशी सकाळी युसूफभाई माझ्या दारात उभा. पाठीवर तीच जुनी पिशवी.

"काय झालं? पटलं नाही का मेहुण्याशी?"

"मेहुणा अच्छा हय," तो म्हणाला. "पन दत्ता, वां काम पूरा हुआ तो बी कोई खुश नै होता. अपना चित्र आया तो लोगां हसते. वां क्यामेरा चालू हुआ तो लोगां पूछते, इसमें चोर कब दिखेगा."

•

हा किस्सा मंगल सांगते तसा चांगला रंगतो, पण तिच्या तोंडून ऐकायची माझी तयारी नाही, म्हणून मीच सांगतो.

आमच्या मुलीसाठी बार्शीचं स्थळ आलं होतं. मुलगा शिक्षक, माणसं साधी. आम्ही तिघं मुलाचं घर बघायला गेलो. फाटकातून आत शिरताना माझी नजर वर गेली आणि तिथंच अडकली. छत्री अंगठाभर पूर्वेला सरकलेली.

बैठक झाली. पोहे आले. मुलाचे वडील शेतीचं, पाण्याचं विचारत होते, मी हूं हूं करत होतो. कोपऱ्यात टीव्ही आवाज बंद करून चालू ठेवलेला, आणि पडद्यावर नुसते चौकोन. मंगलनं दोनदा माझ्या पायावर पाय दिला. मी पोह्यांची बशी फिरवत राहिलो. शेवटी हात धुवायला म्हणून उठलो.

खाली बोलण्यात देण्याघेण्याचं नव्हे, पण पत्रिकेचं निघालं, तेव्हा सगळ्यांना मुलीच्या वडिलांची आठवण झाली. घरभर शोध झाला. आणि तेवढ्यात गच्चीवरून माझा आवाज आला, "आता बघा जरा, चौकोन गेले का?"

परतीच्या एसटीत मंगल वैरागपर्यंत एक शब्द बोलली नाही. वैरागला गाडी थांबली तेव्हा खिडकीकडं बघत म्हणाली, "हे स्थळ गेलं तर तुम्ही गच्चीवरच राहायचं. डबा मी वर पाठवीन."

मुलगी मागं वळून बार्शीच्या रस्त्याकडं बघत होती. मुलगा तिला आवडला होता, हे मला तेव्हा तिच्या चेहऱ्यावर दिसलं, आणि मग मात्र माझा जीव खरंच कासावीस झाला. चार दिवस मी फोनपासून हललो नाही. एकही काम घेतलं नाही.

पाचव्या दिवशी मुलाच्या आईचा फोन आला. मंगलनं घेतला. ती नुसती "हो, हो" करत होती. फोन ठेवून माझ्याकडं वळली.

"होकार आहे. आणि साखरपुड्याला येताना तुमचा पाना घेऊन यायला सांगितलंय. मुलाच्या मामांचं घर जवळच आहे म्हणे."

•

आता शेवटचा. हा मी फार कुणाला सांगितलेला नाही.

रेल्वे लाइनच्या पलीकडं एका वस्तीत शांताबाई कांबळे राहतात. दवाखान्यात परिचारिका होत्या, निवृत्त होऊनही खूप वर्षं झाली. मुलगा मिलिंद बँकेत. त्यांच्या गच्चीवर एक जुना अँटेना होता. छत्री नव्हे, त्याच्याही आधीचा, ॲल्युमिनियमच्या आडव्या दांड्यांचा, उंच लोखंडी पाइपवर. टॉवरवरून येणारं चित्र पकडायचा. ते प्रक्षेपण कधीच बंद झालं. मिलिंदला त्या जागी सोलर हीटर बसवायचा होता, म्हणून त्यानं आम्हाला अँटेना काढायला बोलावलं. आम्ही तो पाइपसकट काढला आणि भंगारवाल्याकडं टाकला. शांताबाई तेव्हा लेकीकडं गेल्या होत्या.

त्या परत आल्या आणि तिसऱ्या दिवशी मिलिंदचा फोन आला. आवाज उतरलेला. "दत्ताभाऊ, तो अँटेना आहे का हो अजून? बाबा असताना त्यांनी स्वतः बसवला होता. आई जेवत नाही नीट. सारखी गच्चीवर जाते, खाली येते, पुन्हा जाते. काय पाहिजे विचारलं तर फक्त म्हणते, जिथला होता तिथं लाव."

मी आणि युसूफभाई तसेच भंगारवाल्याकडं पळालो. आवारात कुलरच्या, सायकलींच्या, पंख्यांच्या राशी. तीन तास उपसत होतो. पाइप सापडला, अँटेनाही सापडला, पण दोन दांड्या वाकलेल्या आणि एक मोडलेली. पाइपच्या खालच्या टोकाला निळी नायलॉनची दोरी गुंडाळलेली होती, ती तशीच होती. युसूफभाईनं गुडघ्यावर धरून दांड्या सरळ केल्या. मोडलेल्या दांडीच्या जागी दुसऱ्या अँटेनाची दांडी बसवली.

आम्ही वर चढलो तेव्हा शांताबाई आधीच गच्चीवर होत्या. पांढरी साडी, हातात काठी, एका जागी उभ्या राहत नव्हत्या. मिलिंद कठड्याला टेकून म्हणाला, "आई, तुला खरंच सांगतो, त्याच्यावर काही दिसत नाही. स्टेशनच बंद आहे."

"मला कुठं काय बघायचंय?" त्या म्हणाल्या.

आम्ही पाइप उभा केला. मी क्लॅम्प आवळायला लागलो, तर त्यांनी हात वर केला. "थांबा. तोंड चुकलंय."

मी युसूफभाईकडं बघितलं. कशाचं तोंड? वायरसुद्धा जोडलेली नव्हती. आम्हाला पुढं जुळे सोलापूरला जायचं होतं, तिथून दोन फोन येऊन गेले होते, आणि माझे हात शिवशिवत होते. पण युसूफभाईनं काही न विचारता पाइप दोन्ही हातांत धरला आणि हळूहळू फिरवायला लागला.

"अजून थोडा," शांताबाई म्हणाल्या. "अजून. नाही, जास्त झाला. मागं घ्या."

त्यानं मागं घेतला. उपग्रहासाठी तो जितक्या जपून फिरवतो, तितक्याच जपून. दहा मिनिटं गेली असतील. मिलिंद कठडा सोडून पुढं आला होता.

"बास," त्या म्हणाल्या.

मी क्लॅम्प आवळला. शांताबाई पाइपजवळ आल्या, काठी माझ्या हातात दिली, खाली वाकल्या आणि ती निळी दोरी सोडून स्वतःच्या हातानं पुन्हा बांधली. तीन गाठी मारल्या. मग उठल्या, पदरानं तोंड पुसलं आणि लेकाला म्हणाल्या, "आता तुझं पाणी कुठं तापवायचं तिथं तापव. आणि ह्या दोघांना जेवल्याशिवाय सोडू नको. मला पण वाढ."